कोंबडा अक्कलकोटकडे

सोलापूर, ता. ६ मे १९३४

तारघरातल्या बाबूने भर माणसांत मला विचारलं, "आजी, कोण गेलं?" म्हातारी बाई तार करायला आली म्हणजे तिच्या घरात मयतच झाली पाहिजे, असा त्याचा हिशेब. मी म्हटलं, "कोण न्हाय गेलं. वारा फिरलाय, तेवढं नातवाला कळवायचं हाय." मग त्याने मजकूर वाचला, "कोंबडा अक्कलकोट", आणि शेजारच्या बाबूला बोलावून दाखवला. दोघं पोट धरून हसले. तुझ्यापायी या वयात माझं हसं झालं, हे आधी लिहून ठेवते. आता आशीर्वाद घे.

चि. महिपतीस आजीचे अनेक आशीर्वाद. होळीला आलास आणि हा पत्र्याचा कोंबडा अंगणात खांबावर बसवून गेलास. वारा जिकडून येतो तिकडे तो चोच करतो, हे कबूल. पण दिवसभर कुरकुरतो आणि वासरू बुजतं. तुला तो माळवदावर बसवायचा होता, मी बसवू दिला नाही, तेच बरं केलं. मातीच्या माळवदावर पाय पडले की पावसाळ्यात घर गळतं, आणि ते लिंपायला तू काही कोकणातून येणार नाहीस. कडब्याच्या गंजीशेजारी उभा आहे तिथं झकास आहे.

तू सांगितलंस तसं सगळं करते. तुझा चुलता हिंदुराव गिरणीतून येताना पेपर आणतो आणि वादळाचं तेवढं वाचून दाखवतो. तुझ्या शाळेतला हिंदुस्थानचा नकाशा देवाच्या फडताळात ठेवलाय, त्यावर मी चिंचोका सरकवते. देवांना अडचण होते, पण ते बोलत नाहीत. परवा चिंचोका मछलीपट्टणला जमिनीवर चढला. तू म्हणाला होतास की पूर्वेच्या समुद्रातलं वादळ जमिनीवर आलं की बहुतेक मरतं. पण एखादं निजामाच्या मुलखातून, सोलापूरच्या खालच्या अंगानं चालत चालत तुमच्या समुद्रात उतरतं आणि तिथं पुन्हा जीव धरतं. मेलं की चाललं, हे मधल्या माणसालाच कळतं. मधली मी. आमच्या खालून ते पुढं गेलं तर वारा अक्कलकोटकडून येईल, असं तू म्हणालास. आज सकाळी कोंबड्याची चोच नीट अक्कलकोटकडे. म्हणून तार केली. तुमच्या होड्यांना आवर.

तुझ्या नि दुर्गीच्या पोरीसाठी वाकळ शिवायला घेतलीय. लाल लुगडं आहे, अजून घट्ट आहे.

सारजाबाई


कोंडबंदर, जि. रत्नागिरी, ता. १५ मे १९३४

ती. आजीस महिपतीचा साष्टांग दंडवत.

तार अगदी वेळेवर आली. तू म्हातारपणी जे काम करतेस ते कौतुकाचं आहे. तारघरातल्या बाबूंना हसू दे. त्यांच्या हातून रोज मयतीच जातात, एखादा वारा गेला तर त्यांनाही बरं वाटलं असेल.

इथले मच्छीमार धाकू तांडेल म्हणेल तेव्हाच होड्या काढतात. त्याला मी सांगितलं आणि होड्या थांबल्या. वादळ मात्र आलं नाही, वाटेतच विरलं असावं. असं व्हायचंच. हवेचा दाब दाखवणारं माझं घड्याळही जागचं हललं नाही. समुद्र शांत आहे. माणसंही ठीक आहेत. कोंबड्यावर लक्ष असू दे.

तुझा महिपती


कोंडबंदर, ता. ११ जून १९३४

ती. आजींच्या पायांवर दुर्गेचा नमस्कार. हे पत्र मी त्यांना न सांगता लिहिते आहे.

त्यांनी तुम्हाला सगळं ठीक म्हणून कळवलं. ठीक काही नाही. पावसाळ्यात समुद्र बंद होतो, त्याआधीचे मे महिन्याचे दिवस इथल्या लोकांना फार मोलाचे. त्या मासळीवर पुढचे महिने काढायचे असतात. यांच्या शब्दावर सगळ्या होड्या वाळूवर बसून राहिल्या आणि वर ऊन, खाली पाणी आरशासारखं. पलीकडच्या खाडीतल्या होड्या भरून आल्या, त्या आमच्या लोकांनी किनाऱ्यावर उभं राहून पाहिल्या. तेव्हापासून बायका मला मासळी विकत नाहीत. तारेतला कोंबडा टपालातून फुटला, पोरं यांच्या मागून आरवत जातात. तांडेल समोरून आला की तोंड फिरवतो. वरच्या साहेबांनीही सांगितलं की जकातीचं काम करा, वाऱ्याचं नको, पुन्हा अशी तक्रार आली तर इथे राहता येणार नाही.

तांडेलाने यांना सगळ्यांसमोर विचारलं होतं की वादळ येणार हे तुम्हाला कुणी सांगितलं. त्यांनी तुमचं नाव घेतलं नाही. माझाच अंदाज चुकला, असं म्हणाले. रोज संध्याकाळी बंदरावर ढग बघायला जायचे, ते आता जात नाहीत. घड्याळ कपाटात घालून ठेवलं आहे.

रागावू नका. तुम्हाला कळावं एवढंच वाटलं.

आपली दुर्गा


सोलापूर, ता. ३ जुलै १९३४

दुर्गे, तुझ्या नवऱ्याने माझ्यापासून लपवलं आणि तू इतके दिवस त्याला लपवू दिलंस, दोघांचाही मला राग आहे. पोरं मागं आरवतात म्हणून घड्याळ कपाटात ठेवायचं? आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि मी अंगणात जाऊन त्या कोंबड्यासमोर बसले. म्हटलं, तू खोटं बोललास का, सांग. तो आपला अक्कलकोटकडे चोच करून उभा. मग वर बघितलं. शेजारच्या नागम्माने तिच्या माळवदावर रंगवलेल्या सुताच्या लडी वाळत घातल्या होत्या. त्यांचं कोष्टीकाम, रोजचंच आहे ते. त्या लडी मोडनिंबाकडून अक्कलकोटकडे उडत होत्या. म्हणजे वारा मोडनिंबाकडचा. आणि कोंबडा म्हणतो अक्कलकोटकडचा. मी नागम्माला हाक मारली. ती खाली आली, गंजीच्या अलीकडे उभी राहिली, पलीकडे जाऊन उभी राहिली, आणि तिच्या तेलंगी मराठीत म्हणाली, "अम्मा, तुमचा वारा गंजीवरनं उडी मारतो, खाली पडतो, मग उलटा येतो."

खरं होतं. यंदा ज्वारी चांगली आली, कडबा भरपूर, हिंदुरावाने गंज घराएवढी रचली, आणि कोंबडा नेमका तिच्या पोटाशी. गंजीनं वारा उलटा फिरवला आणि आम्ही तुमच्याकडे वादळ धाडलं.

सिद्धाराम सुताराला बोलावून कोंबडा माळवदावर बसवला. तो, त्याचा भाऊ आणि हिंदुराव असे तिघं वर नाचले. काल पाऊस झाला, आता माजघरात धार लागलीय. ज्वारीची कणगी हलवली, तिच्या जागी घंगाळ ठेवलं. हिंदुराव म्हणतो, "आये, एका कोंबड्यापायी घर पाण्यात घातलंस की गं." मी म्हटलं, "व्हय. तुला वल लागत आसंल तर गंजीत जाऊन नीज."

आता पुढचं नीट वाच. हे तांडेलाला वाचून दाखवायचं, आणि महिपत्याला विचारायचं नाही.

धाकू तांडेलास सोलापूरच्या सारजाबाईचा रामराम. वादळाची बातमी माझी होती. कोंबडा माझा, गंज माझी, आणि कोंबडा माळवदावर नको हा हट्ट माझा. नातू त्यात कुठंच नाही. त्याने माझं नाव का झाकलं ते त्याला विचारा, मला विचारलं असतं तर मी झाकू दिलं नसतं. तुमचं नुकसान झालं, ते मला भरून देता येत नाही. कोंबडा आता माळवदावर आहे आणि घर गळतंय. पुढल्या खेपेला विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही. जे झालं ते सांगितलं.

वाकळ पुरी झाली, सोबत पाठवते. चारी कडांना दुहेरी टाके आहेत, पोरगी ओढून फाडणार नाही.

सारजाबाई


कोंडबंदर, ता. १८ सप्टेंबर १९३४

ती. आजीस साष्टांग दंडवत.

दुर्गेने तुझं पत्र जाळी विणायच्या मांडवात उभं राहून सगळ्यांसमोर वाचलं. मला नंतर कळलं. कळलं असतं तर मी वाचू दिलं नसतं, आणि म्हणूनच तिने सांगितलं नाही. तुझं तिच्याशी चांगलं जमतं.

तांडेलाने खाली मान घालून ऐकलं. शेवटी एवढंच विचारलं की घर अजून गळतंय का. दुर्गा म्हणाली, हो. तो पुन्हा जाळ्याचं भोक सांधायला लागला. नारळी पौर्णिमेला समुद्र उघडला तेव्हा माझ्याशी बोलला नाही, पण तोंडही फिरवलं नाही. बायका मासळी देतात, मोजून आणि लहान, पण देतात.

घड्याळ मी कपाटातून काढलं आहे. आजी, गंजीमागे वारा उलटा फिरतो हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. होळीला कोंबडा बसवताना गंज माझ्या डोळ्यांसमोर रचत होते, तरी मला दिसलं नाही. तू आणि नागम्माने ते नुसतं बघून ओळखलंत. मला याचं जितकं हसू येतं तितकाच अभिमान वाटतो.

आता खरे दिवस पुढे आहेत. दिवाळीच्या मागेपुढे पूर्वेच्या समुद्रात जी वादळं उठतात, त्यांतलं एखादं आमच्याकडे येतंच. माळवद लिंपून घे. कोंबडा काढला तरी माझी हरकत नाही.

तुझा महिपती


सोलापूर, ता. २१ नोव्हेंबर १९३४

कोंबडा काढ म्हणतोस. बसवायच्या आधी सांगायचं होतंस. आशीर्वाद.

तार केली आहे, ती या पत्राआधी पोचेल. तरी काय बघितलं ते लिहिते, कारण या खेपेला मला भीती वाटते आणि ती मी इथं कुणाला सांगणार नाही.

चिंचोका सोमवारी नेल्लोरजवळ जमिनीवर चढला. कालच्या पेपरात आलं की जोर कमी झाला, आता काळजीचं कारण दिसत नाही. हिंदुराव म्हणाला, "मेलं बघ." इथं दोन दिवस आभाळ भरलेलं आणि वारा तुळजापूरकडचा. काल तो नळदुर्गाकडे सरकला. आज सकाळी पडला असता तर मीही म्हटलं असतं की मेलं. पडला नाही. वाढला, आणि कोंबड्याने चोच अक्कलकोटकडे केली.

मे महिन्यात एकदा फसले आहे. म्हणून या वेळी मी स्वतः शिडीवरून माळवदावर गेले. हिंदुराव खालून ओरडत होता. वर पाऊस डोळ्यांत येत होता. पदर सोडला, तो मोडनिंबाकडे उडाला. नागम्मा तिच्या माळवदावर आली, तिनं एक लड हातात धरली, ती मोडनिंबाकडे. ढगही तिकडंच पळत होते. मी तिला ओरडून विचारलं, "गंज तर नाही ना कुठं आडवी?" ती म्हणाली, "अम्मा, गंज गुरांनी खाल्ली." खरंच गुडघ्याएवढी उरलीय.

मग तारघर. तोच बाबू. मजकूरही तोच. या वेळी हसला नाही, माझं लुगडं गळत होतं ते बघून त्याने मला बाकावर बसवलं.

महिपत्या, हे वादळ मेलेलं नाही. आमच्या खालून गेलं आणि तुमच्याकडे चाललंय. आता चुकलं तर तुझी तिथली जागा जाईल आणि पुन्हा तुझं कुणी ऐकणार नाही, हे मला कळतं. आणि बरोबर असून कुणी ऐकलं नाही तर काय होईल, तेही कळतं. माझ्या हातात होतं ते केलं.

सारजाबाई


कोंडबंदर, ता. २६ नोव्हेंबर १९३४

ती. आजींच्या पायांवर दुर्गेचा नमस्कार.

आधी हे वाचा: सगळे जिवंत आहेत.

तार संध्याकाळी आली. वादळाचं सरकारी निशाण वरून हुकूम आल्याशिवाय चढवता येत नाही, आणि हुकूम आलेला नव्हता. समुद्र तुपासारखा थिजलेला. पहाटे होड्या निघायच्या होत्या, कारण बरेच दिवसांनी मासळी जवळ आली होती. हे तार घेऊन तांडेलाच्या दारात गेले, मी पोरीला काखेत घेऊन मागे. आवाज न चढवता त्यांनी सांगितलं, "पुन्हा सोलापूरहून निरोप आहे. या वेळी मी नाव झाकत नाही. आजीची तार आहे, आणि माझाही तिच्यावर विश्वास आहे. चुकलं तर तुम्ही तक्रार करा, मी बदली मागून जाईन."

अंगणात बरेच जण जमले होते. कुणीतरी आरवलं. तांडेलाने त्याच्याकडे बघितलं, तसा तो गप्प झाला. मग तांडेल सगळ्यांना म्हणाला, "त्या म्हातारीनं आमच्यापायी आपलं घर गळवलान. आमी एक दिस घरात बसलों तर काय मरतों?"

पण खाडीपलीकडच्या होड्या पहाटे याच तोंडावरून समुद्रात जातात. त्यांना कोण थांबवणार? तांडेलाने विचारलं की लांबून दिसेल असं लाल काही आहे का. आजी, मी तुमची वाकळ आणून दिली. पोरगी तिच्यावरच निजलेली होती, तिला उचलावं लागलं. तांडेल एवढ्या वयाचा माणूस, स्वतः बंदराच्या खांबावर चढला आणि त्याने ती आपल्या हाताने बांधली. उजाडताच पलीकडच्या होड्या आल्या, वाकळ बघून थबकल्या, चौकशीला वळल्या, आणि तांडेलाने त्यांना हाताला धरून उतरवून घेतलं.

हुकूम दुपारी आला. त्याच्या पाठोपाठ वारा आला. आमची कौलं गेली, नारळ मोडले, धक्क्यावरून पाणी आत आलं. होड्या वर ओढून घातल्या होत्या, दोन मोडल्या, पण त्यांत माणसं नव्हती. यांच्या घड्याळाचा काटा इतका खाली गेला की ते मला हाक मारून दाखवत होते, आणि मी पोरीला घेऊन पलंगाखाली होते.

तुमच्या वाकळीच्या चिंध्या झाल्या. मला फार वाईट वाटलं. सकाळी गेलो तर खांबावर दोन पट्ट्या राहिल्या होत्या, तुमच्या दुहेरी टाक्यांच्या कडा. कापड गेलं, पण तांडेलाची गाठ जशीच्या तशी. दोरी कापूनच काढावी लागली. त्याने त्या पट्ट्या मला दिल्या नाहीत. आपल्या होडीच्या नाळेला, पुढच्या टोकाला, बांधल्या.

आज सकाळी दारात एवढी सुरमई होती की पाच घरं जेवतील. कुणी ठेवली, कळलं नाही.

आपली दुर्गा


सोलापूर, ता. ४ डिसेंबर १९३४

माझं लाल लुगडं मी नेसले असते तर अजून दहा वर्षं टिकलं असतं. पोरीच्या अंगाखालून वाकळ काढून खांबावर टांगता, आणि मला वर पत्र लिहून कळवता की कडा शिल्लक आहेत. थंडीचे दिवस आहेत. दुसरी शिवायला घेतलीय, या वेळी काळ्या लुगड्याची, म्हणजे कुणाला निशाण करायचं सुचणार नाही. आता दोघांना आशीर्वाद, आणि पोरीला निराळा.

महिपत्या, तुला शहाणा म्हणायची माझी तयारी नाही, तू डोक्यावर बसशील. पण मे महिन्यात सगळ्या गावासमोर तू माझी चूक आपल्या अंगावर घेतलीस, आणि आता पुन्हा माझ्या शब्दावर आपली जागा पणाला लावलीस. तुझा आजा असता तर त्याने पहिलं केलं असतं, दुसरं केलं नसतं. एवढ्यावर समजून घे.

तारघरातल्या बाबूला मी बातमी सांगितली. तो उठून उभा राहिला. म्हणाला, "आजी, फुडल्या येळेला रांगेत थांबू नगा." नागम्माला सांगितलं तर तिनं पेपर मागून घेतला. तिला वाचता येत नाही, मला येतं, आता आम्ही दोघी मिळून चिंचोका सरकवतो. हिंदुराव माळवद लिंपतोय. कोंबड्याच्या खांबाभोवती त्याने हाताने जागा सोडलीय, ती मी बघितली.

आता कामाचं. तुमच्याकडे गेलेलं वादळ जाता जाता आमच्या कोंबड्याला खांबावरून उपटून नागम्माच्या सुतात टाकून गेलं. सिद्धारामाने खिळे ठोकले होते, ते निघाले. काथ्याने बांधला, तो काल साध्या वाऱ्याने सुटला. आता कोंबडा माझ्या मांडीवर आहे आणि सोलापुरात वारा कुठून येतो हे कुणालाच ठाऊक नाही.

ज्या माणसाची गाठ त्या वादळात सुटली नाही, तीच गाठ मला पाहिजे. म्हणून या पत्राचं उत्तर महिपत्याने द्यायचं नाही, दुर्गीनेही द्यायचं नाही. तांडेलाने द्यायचं. त्याला लिहिता येत नसेल तर बोटभर दोरीला गाठ मारून ती पाकिटात घालून धाडावी. मला वाचता येईल.

सारजाबाई